धीराचा रतीब

मा. संपादक,
स. न.

लोकांत बुजणाऱ्यांसाठीचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. भाषा गोड, चित्र त्याहून गोड. सल्ला एवढाच, की जवळच्या माणसाशी बोला, धीर मिळेल. मिळतो ना! आमच्या घरी तर धीराचा रतीबच लावलाय.

माझी भाची एम.एस्सी. झालेली, हुशार पोरगी. मध्यंतरी परभणीला नात्यातला साखरपुडा होता. मुलाच्या आत्यानं सहज विचारलं, "सध्या काय करतीस गं?" हिनं व्यवस्थित उत्तर दिलं, मी शेजारीच उभा होतो. थोड्या वेळानं बघतो तर ही हॉलच्या मागं, हात धुवायच्या नळापाशी, फोनवर. पलीकडं कोण? आमची ताई, जी त्याच हॉलात पंगतीला मठ्ठा वाढत होती! "मम्मी, मी येड्यासारखं बोलले का गं?" ताईच्या एका हातात जग, फोन मानेत धरलेला, "नाही गं बाई, छान बोलली तू." घटकाभरानं तोच प्रश्न मावसबहिणीला. परतीच्या गाडीत मला. मी म्हणालो, "आधी तुला काय वाटतं ते सांग." तर ताईच माझ्यावर उखडली. अजून धड बोलत नाही.

आईनं "छान" म्हटलं की भीती उतरते, पण तेवढ्यापुरती. आत्या हसून बोलली, काही आभाळ कोसळलं नाही, हे पोरीच्या खात्यावर जमाच होत नाही. सगळं श्रेय फोनला. अशा आधारांमुळं भीती टिकून राहते, हे क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्येच मांडलंय. तुमच्या लेखिकाबाईंपर्यंत ते अजून यायचंय. मानसशास्त्रज्ञ स्टीफन हॉफमन यांच्या २०१६ च्या प्रश्नावलीत तर माणूस भावना सावरायला दुसऱ्याकडं कशासाठी जातो, याचे चार प्रकार आहेत: आनंद वाढवायला, वेगळ्या नजरेनं बघायला, सांत्वनाला, आणि दुसरा कसा निभावतो ते बघून शिकायला. लेखात चारही एकत्र कालवून वर ‘बोला’ म्हणून मोकळे! ताईनं तो लेख कापून फ्रिजवर चिकटवलाय, हे आपल्या माहितीसाठी.

माणसं तोडा असं मी म्हणत नाही. आमच्या मराठवाड्यात तसं कुणी तोडूही देत नाही.

लेखाखाली टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी मोफत क्रमांक छापायला एक ओळ पुरली असती. पण तिथं सराफाची अर्धं पान जाहिरात. आणि जाता जाता, मानसिक आरोग्यावरच्या मोफत व्याख्यानाची सूचना आपण छापली होती, तो अंक आमच्याकडं पडला व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी. वितरकाला विचारलं तर म्हणतो, "सर, गाडीच उशिरा येते." त्या गाडीचं तेवढं बघा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, अंबाजोगाई