परिपाठातला दिनविशेष

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परिपाठातला दिनविशेष आणि फळ्यावरचा रोजचा प्रश्न तुझ्याकडे आला, फार आनंद झाला. दोन मिनिटांचं काम म्हणून ते हलक्यात घेऊ नकोस. पाचवी-सहावीतलं मूल ऐकलेली तारीख जन्मभर जपतं, चुकीची असली तरी.

आदल्या रात्री मोबाईलवर शोधून सकाळी फळ्यावर, ही सवय लावूच नकोस. एक जाड फुलस्केप वही घे आणि एका तारखेला एक पान दे. पानावर घटना, ठिकाण, मूळ नोंद कोणत्या कालगणनेतली, दोन आधार, प्रश्न आणि उत्तर असू दे. दिनविशेषाच्या तयार याद्या एकीवरून दुसरी उतरवलेल्या असतात. म्हणून पाच याद्यांत तीच तारीख मिळाली तरी तो आधार एकच धरायचा. दुसरा आधार यादीबाहेरचा हवा: विश्वकोश, एखादं नीट संपादित चरित्र किंवा त्या काळातलं वर्तमानपत्र.

मग स्वतःला विचारायचं, त्या दिवशी नेमकं काय झालं? बहुतेक चुका इथेच होतात. 'संविधान कधी तयार झालं' या प्रश्नाला दोन उत्तरं येतात, कारण संविधान सभेने ते स्वीकारलं २६ नोव्हेंबर १९४९ ला आणि अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९५० ला. प्रश्नात 'स्वीकारलं' किंवा 'अंमलात आलं' हे क्रियापद आलंच पाहिजे. 'पहिला' हा शब्द तर फारच जपून. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी ही भारतातली पहिली प्रवासी रेल्वे. त्याआधी १८३७ मध्ये मद्रासजवळ रेड हिल इथे दगड वाहणारी रेल्वे चालली होती. 'प्रवासी' हा शब्द गाळलास तर एखादा हुशार मुलगा तुला अडवेल, आणि त्याचंच बरोबर असेल.

आता कालगणनेचं, कारण शिवकाळाच्या तारखांत सगळी गुंतागुंत हिचीच आहे. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. आपण ६ जून १६७४ म्हणतो ती जुन्या, म्हणजे जुलियन कालगणनेची तारीख. इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, हेन्री ऑक्झिंडेन तेव्हा रायगडावर हजर होता आणि त्याच्या देशात तीच गणना चालू होती. रोमने १५८२ मध्येच ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर धरून ग्रेगोरियन, म्हणजे आजची, गणना सुरू केली होती. इंग्रजांनी ती १७५२ मध्ये घेतली, २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर धरून. सतराव्या शतकात दोन्हींत १० दिवसांचं अंतर होतं, म्हणून आजच्या गणनेने राज्याभिषेकाची तारीख १६ जून येते. पानिपतची १४ जानेवारी १७६१ ही मात्र आजच्याच गणनेतली. तिच्यात दिवस मिळवू नकोस.

इंग्रजी पत्रांत वर्षाचीही अडचण असते. १७५२ पूर्वी त्यांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. शिवाजी महाराजांची सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची, पण इंग्रजांच्या त्या वेळच्या हिशेबाने तेव्हा १६६३ च चालू होतं. शके वर्षाचं इसवी सन करताना चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. पानिपत पौष शके १६८२ चं, म्हणून १७६१. शेवटी वार ताडून बघ. दोन्ही इंग्रजी गणनांत तारीख वेगळी असली तरी वार एकच असतो. फक्त आपला दिवस सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे पहाटेच्या घटनेचा वार एका दिवसाने मागेपुढे दिसू शकतो.

परदेशातल्या घटनेचं घड्याळही बघायचं. अमेरिकेचं अपोलो ११ चंद्रावर उतरलं ते तिथल्या २० जुलै १९६९ ला, पण आपल्याकडे २१ तारीख लागून मध्यरात्रीनंतर १ वाजून ४७ मिनिटं झाली होती, आणि आर्मस्ट्राँगने पाऊल ठेवलं ते सकाळी ८.२६ ला. फळ्यावर 'भारतीय वेळेनुसार' असं लिही.

प्रश्न 'कोणत्या साली' असा सहसा नको. साल तू स्वतःच दे. मुलांना विचार करायला जागा राहील असं काही विचार. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत लोकमान्य टिळक गेले. त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात कोणते लेखक जन्मले? उत्तर अण्णा भाऊ साठे. किंवा, बोरीबंदरहून निघालेल्या त्या गाडीला इंजिनं किती होती? तीन, आणि साहिब, सिंध, सुलतान ही नावं मुलं कधी विसरत नाहीत. प्रश्न पंधरा-वीस शब्दांत बसला पाहिजे, नाहीतर मागच्या रांगेला ऐकू जाईपर्यंत पुढची रांग चुळबुळ करते. पर्याय तीनच दे आणि तिन्ही त्याच काळातले असू देत. टिळकांच्या प्रश्नात अकबर आला की मुलं विचार न करता गाळून उत्तर काढतात. ३० जानेवारी, ६ डिसेंबर अशा दिवशी पर्याय आणि टाळ्या नकोत. दोन वाक्यांत माहिती सांगून शांतपणे पुढे जा.

शाळेचं वर्षही लक्षात घे. ३ मे आणि ६ जून उन्हाळी सुट्टीत जातात. 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लोकांसाठी लागला, पण निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिललाच ऑलिंपिया थिएटरात झाला होता, आणि तेव्हा शाळा चालू असते. त्या दिवशी विचार, तारामतीचं काम कोणी केलं? अण्णा साळुंके या पुरुषाने. राज्याभिषेकाचा प्रश्न १६ जूनला घे; शाळा नुकतीच उघडलेली असेल आणि कालगणनेची गोष्ट सांगायला याहून चांगला दिवस नाही. रविवारचा दिनविशेष शनिवारी, 'उद्या' म्हणून.

उत्तरं चिठ्ठीवर, नाव आणि तुकडी लिहून, मधल्या सुट्टीपर्यंत पेटीत. हात वर करायला लावलंस तर तीच चार मुलं रोज बोलतील. उत्तर दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात सांग, त्यामागचं कारण एका वाक्यात जोडून. चूक निघाली तर दुरुस्तीही त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

जून-जुलैची पानं लिहून झाली की फोटो पाठव. आधारांचे रकाने मी तपासून देते, विशेषतः १७५२ च्या आधीच्या तारखांचे.

तुझी,
आई