कोचेसच्या मेलबद्दल, मनूला

मनू,

समोर बसवून सांगायला घेतलं की तू "आय नो, बाबा" म्हणून हेडफोन चढवतेस, म्हणून टाइप करतोय.

१५ जूनपासून डी-वनच्या, म्हणजे अमेरिकन कॉलेज खेळांच्या सर्वात वरच्या डिव्हिजनच्या, स्विमिंग कोचेसना तुमच्या बॅचला थेट मेल-फोन करायची मुभा मिळाली आणि आपल्या घरात लगीनघाई सुरू झाली, आजीने तर नागपूरपर्यंत कळवून टाकलं की नातीला कॉलेजं बोलावतायत. अगं, पण ते "डिअर स्टुडंट अ‍ॅथलीट" वाले मेल, ज्यात खाली कॅम्पची लिंक आणि फी असते, ते घाऊक जातात, तुझा टाइमसुद्धा कुणी बघितलेला नसतो. खऱ्या मेलमध्ये तुझं १०० ब्रेस्टस्ट्रोकचं १:०४ लिहिलेलं असतं, नाहीतर दुसऱ्या पन्नासला तू ढेपाळतेस त्यावर एखादी ओळ असते. असे मोजकेच आलेत आणि नेमकं त्यांनाच तू अजून उत्तर दिलेलं नाहीस! उत्तर तूच लिही. मी लिहून देतो म्हणालो तरी नको म्हण, कोच लोकांना बापाचं इंग्लिश दोन ओळीत कळतं.

आणि कोण किती गोड बोलतंय यावर जाऊ नकोस. स्विमक्लाऊड, ती स्विमिंगच्या टाइमची वेबसाइट, उघड, त्या टीमच्या कॉन्फरन्स मीटचे, म्हणजे त्यांच्या गटातल्या कॉलेजांच्या स्पर्धेचे, रिझल्ट काढ आणि १०० आणि २०० ब्रेस्टला तुझ्या टाइमवर पॉइंट मिळाले असते का ते बघ. टीममध्ये ब्रेस्टवाल्या किती आणि तू जाशील तोपर्यंत त्यातल्या किती ग्रॅज्युएट होतायत हेही बघ. जागांचं गणित आता बदललंय ना. जून २०२५ मध्ये कॉलेज खेळाडूंच्या पैशांबद्दलच्या हाउस केसची सेटलमेंट मंजूर झाली, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना मुलींच्या स्विमिंगची १४ स्कॉलरशिपची जुनी मर्यादा राहिली नाही पण रोस्टरच, म्हणजे टीममधल्या एकूण मुलींची संख्या, ३० वर आला. ऐकायला वाटतं आता तिसांनाही पैसे मिळणार, पण नियमाने परवानगी दिली म्हणून बजेट थोडंच वाढतं, उलट वॉक-ऑन म्हणून, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय, शेवटच्या क्षणी घुसायचं ते अवघड झालं, त्यात कोचेसना ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीतून, कॉलेजात दोन वर्षं पोहून तयार झालेल्या मुली मिळतात.

म्हणून सरळ विचार: तुमच्या यादीत मी कितवी, पैसे किती, चारही वर्षं का, लेखी कधी देणार. व्हर्बल कमिटमेंट, म्हणजे तोंडी होकार, कुणालाच बांधून ठेवत नाही, त्यांनाही नाही आणि तुलाही नाही. सही करून पक्कं करायचं ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंटही ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, आता धरायचा कागद म्हणजे कॉलेजचं आर्थिक मदतीचं एड अ‍ॅग्रीमेंट. आपल्या लोकांना पैशाचं विचारायला फार जड जातं, पण आजी म्हणते ना, भीड भिकेची बहीण.

डी-थ्री, ती तिसरी डिव्हिजन, म्हटलं की तू नाक मुरडतेस ते मात्र मला अजिबात पटत नाही. तिथे स्पोर्ट्स स्कॉलरशिप नसते, मान्य, पण ती हार्वर्ड-येलवाल्या आयव्हीतही नसते, आणि आयव्हीचं नाव काढलं की तुझे डोळे चमकतात! एमरी, जॉन्स हॉपकिन्स, एमआयटी, सगळी स्विमिंगमध्ये डी-थ्रीच. एमरीच्या मुलींनी तर २०१० ते २०१९ ओळीने नॅशनल टायटल मारलंय. अशा ठिकाणचे बरेच कोच ज्युनिअर वर्ष (अकरावी) संपलं की प्री-रीड करून घेतात, म्हणजे तुझे मार्क अ‍ॅडमिशनवाल्यांना आधीच दाखवून अंदाज घेतात, तेव्हा केमिस्ट्री सांभाळ. एनसीएएला, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेला, डी-वनसाठी १६ कोर कोर्सेस आणि २.३ जीपीए (मार्कांची सरासरी) पुरतो, या कॉलेजांना तेवढ्याने काही होत नाही. एसएटी परीक्षाही दे, एनसीएएने ती अट २०२३ मध्ये काढली असली तरी एमआयटीला लागतेच.

रविवारी त्या कोचचा झूम आहे तेव्हा मी बाहेर जाईन, आईलाही घेऊन जातो, नाहीतर ती दाराला कान लावेल. ट्रान्सक्रिप्टची पीडीएफ फॅमिली फोल्डरमध्ये टाकलीये, ज्यांनी मागितलीये त्यांना आजच पाठव आणि मला सीसी करू नकोस.

बाबा