सोफा राहू दे, पुस्तकं ने

दादर, मुंबई

प्रिय अन्या,

परवा फोनवर म्हणालास, "पुस्तकं जड आहेत, रद्दीत घालतो, सोफा मात्र नेतोच." लेकीकडे मेलबर्नला कायमचा निघालायस आणि हिशेब नेमका उलटा मांडलायस. इंदिरा डॉक आणि पुढे न्हावा शेवा, सगळी नोकरी लोकांचा माल बोटीवर चढवण्यात गेली माझी. तेव्हा ऐक जरा.

अख्खा कंटेनर न घेता पाठवलेल्या सुट्या मालाचं बोटीचं भाडं घनमीटरवर किंवा टनावर, जे जास्त होईल त्यावर लागतं. घरसामान घनमीटरला टनभर भरतच नाही. म्हणजे पैसे जागेचे, वजनाला कोणी विचारत नाही. तीन माणसांचा सोफा पॅक होऊन दोन घनमीटर सहज खाईल, आणि त्यात निम्मी हवा! तेवढ्याच जागेत पुस्तकांची एकेक घनफुटाची सत्तर खोकी मावतात. वहिनींची पितळेची पातेली एकात एक बसतात, पाटा-वरवंटाही ने. फक्त एका खोक्यात २० किलोच्या वर भरू नकोस, तळ सुटतो. विमानाने मात्र पुस्तकं नको. तिथे भाडं वजनावर लागतं; घनमीटरमागे निदान १६७ किलो धरतात आणि पुस्तकं त्याच्या कितीतरी वर जातात.

वीस फुटी कंटेनरमध्ये आत ३३ घनमीटर जागा असते. तुला एवढी कशाला? चारचौघांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमधून जाऊ दे. त्यात मेख एवढीच की एकाचा कागद अडला की सगळ्यांचा माल अडतो. शिवाय बहुतेकदा कोलंबोला नाहीतर सिंगापूरला बोट बदलते, म्हणून दोन-तीन महिने धरूनच चाल. स्वस्त कोटेशन आलं की पहिला प्रश्न विचार: बंदरापर्यंत की घराच्या दारापर्यंत? बंदरापर्यंतचं असेल तर तिथली हाताळणी, तपासणी, ट्रक, सगळं डॉलरमध्ये वेगळं. इथले पॅकर हे आपणहून सांगत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचे लोक कस्टमपेक्षा किडीला जास्त घाबरतात. देव्हाऱ्याचं लाकूड नीट बघ. भोकं पडून भुसा गळत असेल तर तिथे धुरी देतील, तीही तुझ्या खर्चाने. केरसुणी, मसाले, लोणच्याच्या बरण्या खोक्यात नकोतच. बागकामाची खुरपी आणि चपला घासून धू, मातीचा कण दिसला तरी खोकी उघडतात. लाकडी क्रेट केलास तर त्यावर गव्हाच्या कणसाचा छाप बघून घे. लाकडातली कीड मारल्याची ती खूण; त्यात HT असेल तर लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलंय.

नवीन टीव्ही घेऊन पाठवायचा बेत सोड. निघण्याआधी बारा महिने तुझ्या मालकीची आणि वापरातली वस्तू असेल, तर तिथे ड्युटी लागत नाही. वहिनींचा मिक्सर जुना आहे ना? मग बिनघोर ने. तिथेही २३० व्होल्टच, नुसती पिन बदलायची. अमेरिकेला निघाला असतास तर निराळी गोष्ट.

आजोबांच्या समईचं आधी बघ. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. तितकी जुनी नसली तरी पुरातत्त्व खात्याचा दाखला हाताशी असू दे, कस्टमवाल्याशी वाद घालत बसायला नको. खरंच शंभरीची निघाली तर धाकट्याकडे ठेव.

सामानाची यादी मात्र मी लिहिणार. पॅकरची पोरं प्रत्येक खोक्यावर "घरगुती सामान" लिहून मोकळी होतात, आणि काही फुटलं की विमावाला विचारतो, आत होतं काय?

कॅरम न्यायला कायद्याची हरकत नाही, हरकत माझी आहे. त्यावर बोलू. गुरुवारी संध्याकाळी टेप घेऊन येतो. वहिनींना सांग, चहा नंतर, आधी माळा उघडायचा.

तुझा,
विन्या