काका, तुम्ही शिकवलेल्या हिशेबाबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, पुण्यातल्या सोसायट्यांत आणि बंगल्यांवर माळीकाम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना तुम्ही जो हिशेब शिकवलात, त्याचे आभार चारचौघांत मानायचे राहून गेले होते. पालिकेच्या उद्यान विभागातून निवृत्त झाल्यावरही तुम्ही आमच्या हजेऱ्या आणि पगारपावत्या तपासत बसता. "पगार परवडत नाही, काम सोडू का?" असं विचारत कोणी आलं की तुम्ही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही, आधी वही काढायला लावता. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण हा प्रश्न पडलेला माळी गावोगाव आहे आणि प्रत्येकाला काका भेटत नाही.

तुम्ही पहिल्यांदा मांडायला लावता तो तासाचा भाव. समजा पगार 12,000. दिवस 26, रोजचे 8 तास, म्हणजे 208 तास. कागदावर तासाला 57 रुपये 69 पैसे पडतात. आता खरा हिशेब. रोज एक तास जास्त थांबवतात, जाण्या-येण्यात दीड तास जातो. म्हणजे दिवसाचे साडेदहा तास, महिन्याचे 273. पेट्रोलला 1,500 गेले, हातमोजे, सिकेटरची (छाटणीच्या कात्रीची) पाती, ब्रश कटरची (गवत कापायच्या मशीनची) नायलॉन दोरी यांना खिशातले 300 गेले. उरले 10,200. भागाकार केला की तासाला साधारण 37 रुपये येतात. प्रवासाचा वेळ कायदा धरत नाही, पण कामाची तुलना करताना तो धरायचाच, हे तुमचं म्हणणं आम्हाला पटलं. दारापासून दहा मिनिटांवर मिळणारं 11,000 चं काम या 12,000 पेक्षा चांगलं असू शकतं.

त्याच वहीतून दुसरी गोष्ट निघते. रोजचा तो एक जादा तास फुकट द्यायचा नसतो. जादा कामाला दुप्पट दर आहे. 26 तास दुप्पट दराने धरले तर बरोबर 3,000 रुपये होतात. म्हणजे पुष्कळदा भांडण पगाराचं नसतंच, न दिलेल्या ओव्हरटाइमचं असतं. तो मिळाला तर काम सोडायची गरज उरत नाही. म्हणून तुम्ही राजीनाम्याच्या आधी मागणीचा अर्ज लिहायला लावता.

पण आमच्या मते तुमचं सगळ्यात मोलाचं शिकवणं कामाच्या मापाचं आहे. ठेकेदार म्हणतो, अर्ध्या एकराचं लॉन एक माणूस सहज सांभाळतो. तुम्ही टेप आणि बादली घेऊन ते मोजायला शिकवलंत. अर्धा एकर म्हणजे 20 गुंठे, 21,780 चौरस फूट. 18 इंची मशीनचा पट्टा दीड फुटाचा, पण मधे गवताची शेंडी राहू नये म्हणून पट्टे एकमेकांवर थोडे चढवावे लागतात. कामाचा पट्टा सव्वा फूट धरला तर एका कापणीला 17,424 फूट, म्हणजे पाच किलोमीटरच्या वर मशीन ढकलत चालावं लागतं. वळणं, गवताची पेटी रिकामी करणं, झाडांच्या आळ्यांभोवती आणि कडेला हाताने कापणं, शेवटी झाडलोट, हे वेगळं. अर्धा दिवस सहज जातो. पावसाळ्यात हे दर आठ-दहा दिवसांनी करावं लागतं. लांबवलं तर गवत वाढतं, मग एकदम खाली कापलं की पिवळं पडतं. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम माळ्याला माहीत असतो. वेळ मिळाला नाही की तो मोडतो आणि बोल माळ्याला लागतो.

पाण्याचा हिशेब तर याहून कडक आहे. पाइपखाली 15 लिटरची बादली ठेवायची आणि घड्याळ लावायचं. ती एका मिनिटात भरली तर मिनिटाला 15 लिटर. एप्रिल-मेमध्ये लॉनला रोज साधारण 5 मिलिमीटर पाणी लागतं असं धरा. एका चौरस मीटरवर 1 मिलिमीटर म्हणजे 1 लिटर. एक गुंठा 101 चौरस मीटरचा, म्हणजे गुंठ्याला सुमारे 505 लिटर, अर्ध्या तासाच्या थोडं वर. नेमकं म्हणाल तर 34 मिनिटं. 20 गुंठ्यांना एका पाइपवर अकरा तास! दिवसाआड दिलं तरी एका वेळी दुप्पट द्यावं लागतं, एकूण तास तेवढेच. म्हणून उन्हाळ्यात लॉन करपलं तर माळी आळशी आहे असं म्हणण्याआधी स्प्रिंकलर किंवा दुसरं कनेक्शन हवं होतं का, ते बघायला पाहिजे. ही आकडेमोड एका कागदावर मांडून सोसायटीच्या सेक्रेटरींना दिली की बोलणंच बदलतं. ठेकेदार माणसामागे किती बिल लावतो आणि माळ्याच्या हातात किती देतो, हे कमिटीला पुष्कळदा ठाऊक नसतं. हजेरीपट आणि पीएफचं चलन मागायचा मार्ग कमिटीला मोकळा असतो.

अर्ज कसा द्यायचा, तेही तुम्ही सांगितलंत. दोन प्रती. एकीवर पोच घ्यायची, सही दिली नाही तर तोच कागद व्हॉट्सॲपवर पाठवायचा. त्यात तीनच गोष्टी: मोजलेलं काम, जादा तासांच्या तारखा, मागणी. शिवीगाळ नाही, धमकी नाही. उत्तरासाठी एक पगाराची तारीख जाऊ द्यायची. तोवर रोजची हजेरी स्वतःच्या वहीत आल्या-गेल्याच्या वेळेसकट. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून चालू दर कामगार उपायुक्त कार्यालयातून दर सहामाहीला बघून घ्यायचा. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. थकलेल्या वेतनाचा दावा आता तीन वर्षांच्या आत करता येतो. आधी किमान वेतन कायद्यात ही मुदत सहा महिन्यांची होती, ती उलटून गेली म्हणून किती जणांचे पैसे बुडाले असतील!

सोडायचंच ठरलं तर घाई कुठे नडते, हे तुम्ही फार बारकाईने दाखवलंत. आधी अंगावरची उचल. ती फिटली नसेल तर शेवटच्या पगारातून सगळी वळती होते आणि हातात काही येत नाही. मग पीएफ. यूएएन (पीएफचा आपला कायमचा नंबर) पासबुकात दर महिन्याची नोंद आहे का, ठेकेदार बदलल्यावर दुसराच यूएएन काढला का, ठेकेदाराचा 12 टक्के वाटासुद्धा आपल्याच पगारातून कापला का? हा शेवटचा प्रकार सरळ बेकायदा आहे. सोडल्यावर नोंदीत सोडल्याची तारीख पडली नाही तर पैसे पुढे वळवता येत नाहीत. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख आपणही पोर्टलवर टाकू शकतो. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000 असेल तर पाच वर्षांचे 34,615 रुपये होतात. म्हणून साडेचार वर्षं भरलेल्या माणसाला तुम्ही हात जोडून थांबवता, ते योग्यच आहे.

तोंडी सांगून निघायचं नाही, कारण मग हजेरीवर 'न सांगता गैरहजर' असा शेरा पडतो. लेखी राजीनामा, मशीन, कात्र्या, पाइप यांची यादी करून सही, आणि जागेवर फोटो. राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायचा असतो, हे अर्जातच लिहायचं.

आणि ऋतू! स्वतंत्र बंगल्यांची कामं धरायची असतील तर मार्चमध्ये नोकरी सोडू नका, हे तुमचं वाक्य आम्ही नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो. उन्हाळ्यात लोक गावी जातात, कुंड्या बदलणं थांबतं, नुसतं पाणी घालायला कोणी चांगले पैसे देत नाही. जूनमध्ये तण आणि कापणी, ऑक्टोबरमध्ये गुलाबाची छाटणी आणि पिटुनियाची लागवड, तेव्हा घरं मिळतात. आठ घरं, प्रत्येकी 1,500, महिन्याला चार फेऱ्या, असं धरलं तर तेच 12,000 होतात, आणि प्रवास धरून दोन तासांची फेरी म्हटली तरी फक्त 64 तास लागतात. खर्चाचे 3,000 वजा केले तरी तासाला 140 रुपये पडतात. आकडा गोड दिसतो. पण त्यात पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) नाही, आजारपणाचा पगार नाही, आणि मे महिन्यात दोन-तीन घरं बंद असतात. म्हणून नोकरी असतानाच सुट्टीच्या दिवशी निम्मी घरं जोडायची आणि मगच सोडायचं.

ब्रश कटर लगेच हप्त्यावर घ्यायचा नाही, भाड्याने आणायचा. टू-स्ट्रोक असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे लिटरला 20 ते 25 मिली टूटी ऑइल मिसळायचं. विसरलं की पिस्टन धरतो आणि दुरुस्तीत महिन्याची कमाई जाते. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळं, पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही.

दोन बाबतींत मात्र तुम्ही कुणालाही थांबायला सांगत नाही: पगार दोन-दोन महिने अडकवून ठेवणं, आणि मास्क, हातमोजे न देता औषध फवारायला लावणं. तिथे वही नंतर, आधी बाहेर पडा, असं तुम्ही म्हणता. यात आम्हालाही वाद वाटत नाही.

काका, तुमच्या या पानांच्या झेरॉक्स आता बऱ्याच पिशव्यांत सिकेटरच्या शेजारी असतात. गच्चीवरच्या बागांचा दर कसा लावायचा, हे मात्र अजून आमच्यातल्या कुणालाच नीट जमत नाही. माती वर चढवायचे मजले धरायचे कसे, तिथेच घोडं अडतं. तब्येत सांभाळून, सवडीने तेवढं पान लिहून द्या.

मनापासून आभार.

आपले,
सोसायट्यांतले आणि बंगल्यांवरचे माळी