नववीच्या पोरांबद्दल, सुहासला

सोलापूर,
४ ऑगस्ट

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. नववीतली दोन पोरं मैदानामागे दारू पिताना सापडली, संस्थेचे लोक दाखले हातात द्या म्हणतायत, आणि तू विचारतोस काय करू. आधी दाखले देऊ नकोस. शाळेतून काढलेल्या पोराला संध्याकाळ मोकळी असतेच, आता दुपारही मोकळी मिळेल. दोघांना वेगवेगळं बसवून बोल. घरात कोणी पितं का, बाटली कुणी आणून दिली, हे रागावल्याने नाही कळायचं.

व्यसनमुक्तीवर एखाद्या साहेबांचं भाषण ठेवतो, असं लिहिलंयस. ठेव, पण त्यावर विसंबू नकोस. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन धडे द्यायचे. देशभर पसरला, पालक खूश, शाळा खूश. पुढे संशोधकांनी तपासलं तेव्हा ते धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या पिण्यात जेमतेम फरक निघाला. यकृताच्या चित्राला चौदा वर्षांचं पोर घाबरत नाही रे. यकृत खराब व्हायला वर्षं जातात, मित्र तर आत्ता ग्लास धरून समोर उभा असतो.

म्हणून आम्ही शाळेत ‘नाही’ म्हणायचा सरावच घेतो. बाकं मागे सरकवायची, चार पोरांनी मित्र व्हायचं, एकाने मधे उभं राहायचं. मागच्या आठवड्यात आमचा एक लाजाळू मुलगा मधे होता. “एक घोट घे बे, काय होतंय?” “नको बे.” “घाबरला काय बे?” इथे तो अडकला, कान लाल झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “हो म्हण की. घाबरतो म्हण. मग काय बोलणारेत ते?” त्याने तसंच म्हटलं, आणि चौघांना खरंच पुढचं वाक्य सुचेना. मग सगळ्या वर्गाने तिथून पुढे काय काय म्हणता येईल ते शोधलं: आई तोंडाचा वास घेते, उद्या मॅच आहे, चल भजी खाऊ. हे सगळं पोरांचं, त्यांच्याच बोलीत. मास्तरांनी फळ्यावर लिहून दिलं असतं तर कुणी वापरलं नसतं.

दुसरं, नाव न घालता चिठ्ठ्या घे. वर्गातली किती मुलं पितात असं वाटतं, आणि तू स्वतः घेतलीस का, हे दोनच प्रश्न. आमच्याकडे अंदाज खऱ्या आकड्याच्या कितीतरी पुढे गेला. सगळेच घेतात, आपणच मागे राहिलो, असं पोरांना वाटत असतं. तो खरा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा वर्ग गप्प झाला.

पण वर्गाबाहेरच्या संध्याकाळचं काय, हा खरा प्रश्न. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली घरं तुला माहीतच आहेत. बाप यंत्रमागावर पाळीला, आई विड्या वळत बसलेली, पोरगं चौकात. आता गणपती जवळ आले, मंडळांच्या लेझीमचे सराव सुरू झालेत. घामाघूम होईस्तोवर लेझीम खेळणारी पोरं मी बघतो, आणि मिरवणूक संपल्यावर मागच्या बोळात त्याच पोरांना पहिला घोट देणारे मोठे दादाही बघतो. यंदा दोन मंडळांच्या अध्यक्षांना मी भेटून आलो. अठराच्या आतल्यांना कुणी पाजली तर काय होतं, ते सरळ सांगितलं. बाल न्याय कायद्याचं कलम ७७: सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. आपल्या राज्यात बिअरला २१ आणि व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५ वय लागतं, हेही किती जणांना माहीत असतं!

आइसलँडने हे संध्याकाळचं गणित नीट सोडवलं. १९९८ मध्ये तिथली १५-१६ वर्षांची ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ मध्ये ५ टक्के. त्यांनी मुलांच्या खेळांना, संगीताला सरकारी पैसा दिला, १३ ते १६ वयाच्या मुलांना हिवाळ्यात रात्री दहानंतर बाहेर फिरायला बंदी केली, आणि पालकांकडून आपसांत करार करून घेतले. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, पण मैदान आहे आणि पीटीचे सर आहेत. शाळेचं मैदान संध्याकाळी सातपर्यंत उघडं ठेव. संस्थेशी भांडायचंच असेल तर यासाठी भांड.

हातभट्टीचा प्रश्न शाळेच्या आवाक्यातला नाही. इथे २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ काढलं, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी दारू गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा कामधंदा मिळवून द्यायला. नुसत्या धाडींपेक्षा मला ते पटतं.

पालकसभा मात्र दुपारी बाराला ठेवू नकोस, कुणी येत नाही. आया विड्या देऊन परतल्या की बोलाव, बापांना सुटीच्या दिवशी. घरात पिणारा बाप असेल तर त्याला चारचौघांत काही बोलू नकोस. बाजूला घेऊन १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर दे.

गणपती झाले की दोन दिवस इकडे ये, तुझ्या पीटीच्या सरांनाही आण. आमचा सराव प्रत्यक्ष बघा. आणि त्या दोन पोरांचं काय ठरलं ते लगेच कळव, मला त्यांची काळजी लागून राहिली आहे. वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
दिलीप