माझ्या नावानं फाशी मागू नका

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "उद्या कुणी तुझ्या जिवावर उठलं, तर त्याला फासावर चढवल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही." मुलगा समलिंगी आहे हे स्वीकारताना तुमची किती घालमेल झाली ते मी पाहिलंय, त्यामुळे त्या बोलण्यातली माया मला कळली. तरीही माझ्या नावानं फाशी मागू नका.

तो दोर आम्हा लोकांच्या ओळखीचा आहे. २७ नोव्हेंबर १८३५ ला लंडनच्या न्यूगेट तुरुंगाबाहेर जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ यांना फाशी दिलं गेलं. दोघं एका भाड्याच्या खोलीत एकत्र होते आणि घरमालकानं दाराच्या किल्लीच्या भोकातून पाहिलं, एवढाच गुन्हा. ज्या मॅजिस्ट्रेटनं त्यांना खटल्यासाठी पाठवलं, त्यालाही राहवलं नाही. हे गरीब म्हणून सापडले, पैसेवाल्याला आडोसा मिळतो, असं त्यानं सरकारला कळवलं. उपयोग झाला नाही. इराणच्या कायद्यात ही शिक्षा आजही आहे. युगांडानं तर २०२३ मध्ये काही समलिंगी संबंधांसाठी ती नव्यानं आणली.

आई, तू म्हणशील, ते कायदेच वाईट, खुन्याची गोष्ट वेगळी. मलाही तसंच वाटायचं. मग चार्ल्स राइन्सचा खटला वाचला. अमेरिकेतल्या साउथ डकोटात त्यानं एका तरुणाचा खून केला होता, त्यात शंकाच नाही. १९९३ मध्ये त्याला दोषी ठरवल्यावर ज्यूरीला जन्मठेप की मृत्युदंड एवढंच ठरवायचं होतं. विचारविनिमय चालू असताना त्यांनी न्यायाधीशांना चिठ्ठी पाठवली. हा इतर कैद्यांमध्ये मिसळेल का, त्याच्या कोठडीत दुसरा कैदी असेल का, तरुण कैद्यांपुढे फुशारक्या मारेल का, असले प्रश्न त्यात होते. पुढे काही ज्यूरर्सनी सांगितलं की खोलीत बोलणं झालं होतं: हा समलिंगी आहे, पुरुषांच्या तुरुंगात पाठवलं तर त्याला हवं तिथंच पाठवल्यासारखं होईल. सर्वोच्च न्यायालयानं यात लक्ष घालायला नकार दिला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याला मारलं.

खून झाला की नाही, हे पुराव्यावर ठरतं. हा माणूस जगायला लायक आहे का, हे ठरवायला बसलेल्यांच्या मनातली किळस मात्र कुठल्याच कायद्याला बाहेर ठेवता येत नाही. आमच्याबद्दल ती किती आहे, हे तुम्ही नातेवाइकांत पाहिलंय.

बाबा, डेनिस शेपर्ड यांच्याबद्दल सांगतो. त्यांचा मुलगा मॅथ्यू, वय २१. १९९८ मध्ये वायोमिंगमध्ये दोघांनी त्याला कुंपणाला बांधून इतकं मारलं की काही दिवसांनी तो दवाखान्यात मरण पावला. समलिंगी होता तो. पुढच्या वर्षी मारेकऱ्यांपैकी अॅरन मॅककिनी दोषी ठरला, मृत्युदंड समोर होता. डेनिस भर कोर्टात त्याला म्हणाले की तू मेलेला पाहायला मला नक्कीच आवडेल, पण मॅथ्यूच्या आठवणीखातर तुला जगू देतो. राग त्यांनी लपवला नाही. मला ते फार खरं वाटतं.

"मग काय मोकळं सोडायचं?" असं आई विचारत होती. नाही गं. मॅककिनीला एकापाठोपाठ एक अशा दोन जन्मठेपा झाल्या, पॅरोल नाही. माझ्यासाठी तुम्हाला काही मागायचंच असेल, तर तेवढं मागा.

तुमचा,
बाळू