काका, तुमची केबल अजून माझ्याकडेच आहे

नमस्कार काका,

फोनवर ‘थँक्यू’ म्हटलं की तुम्ही ‘असू दे, असू दे’ करत फोन ठेवून देता. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत. कोणाच्या कपाटात मिनी डीव्ही (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या डिजिटल) कॅसेट पडून असतील आणि त्या कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर त्यांनाही उपयोग होईल.

ताईचं लग्न २००४ चं. सात कॅसेट. तिसरीत घाणा भरताना आजी ओव्या म्हणते. तिचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. कॅमेरा चालू होता, कॅमेरा जोडायला फायरवायर पोर्ट असलेला विंडोज एक्सपीचा जुना डेस्कटॉपही माळ्यावरून खाली काढला. पण कॅप्चर, म्हणजे कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवणं, सुरू केलं की दोन-तीन मिनिटांत ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा, म्हणजे मधेच गळालेल्या चित्रांचा, आकडा रिक्षाच्या मीटरसारखा पळायचा. जात्याचा खुंटा आत्ता अलीकडे, की पुढच्या क्षणी एकदम पलीकडे. ओवीतले शब्द मधूनच गिळलेले. अँटीव्हायरस बंद केला, रात्रभर डीफ्रॅग (डिस्कवरचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) लावलं, दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॅप्चर करून पाहिलं. फरक शून्य. एका दुकानात तर सांगितलं, कॅसेट गेल्या, टाकून द्या.

तुम्ही आधी काही सांगितलंच नाहीत. ‘तीच कॅसेट तीनदा लाव आणि फ्रेम कुठल्या मिनिटाला जातात ते कागदावर लिही.’ खरं सांगतो, मी वैतागलो होतो. लिहिलं तरी. तिन्ही वेळा आकडे वेगळे. तुम्ही कागदाकडे जेमतेम पाहिलंत: ‘कॅसेटचं दुखणं जागा सोडत नाही. हे फिरतंय, म्हणजे कॉम्प्युटर. आणि कॅसेट खराब असती तर चित्रावर चौकोन आले असते. तुझ्याकडे नुसत्या उड्या आहेत.’

मग त्याच कागदाच्या पाठीमागे हिशेब मांडलात. पाल (आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) डीव्हीची एक फ्रेम १,४४,००० बाइटची, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ३.६ एमबी. तासाला साधारण १३ जीबी. हार्ड डिस्कला हे ओझं काहीच नाही. पण कॅमेरा थांबत नाही आणि गेलेली फ्रेम पुन्हा पाठवतही नाही. तेवढ्या वेळात लिहून झाली नाही की ती गेलीच.

टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्क्यांना टेकलेला. तुम्ही डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरलात, माझी डिस्क ज्या आयडीई चॅनेलवर (डिस्क जोडायच्या जुन्या मार्गावर) होती ते उघडलंत, आणि ‘करंट ट्रान्सफर मोड’वर बोट ठेवलंत. पीआयओ. डीएमए असायला हवं तिथे! ‘मालक स्वतः पोती वाहतोय, मग गल्ल्यावर कोण बसणार?’ हे तुमचं वाक्य मी तेव्हापासून दहा जणांना ऐकवलंय. डीएमएमध्ये डेटा थेट मेमरीतून डिस्ककडे जातो. पीआयओमध्ये त्यातला प्रत्येक तुकडा प्रोसेसरला स्वतः हलवावा लागतो. डिस्कवर वाचता-लिहिताना चुका साठत गेल्या की एक्सपी मोड एकेक पायरी खाली आणतं आणि शेवटी पीआयओवर नेऊन बसवतं. कोणाला न सांगता. आपण बसतो डीफ्रॅग करत.

चुका येत होत्या डिस्कला जोडलेल्या केबलमुळे. कॉम्प्युटरच्या डब्याच्या झाकणाखाली दुमडून तिला पांढरी घडी पडली होती, शिवाय ती ४० तारांची जुनी. तुम्ही घरी जाऊन बंद स्टुडिओच्या ड्रॉवरमधून ८० तारांची आणलीत, ते चॅनेल अनइन्स्टॉल करून मशीन पुन्हा सुरू केलंत. अल्ट्रा डीएमए. प्रोसेसर शांत.

त्यानंतर एकदा १९ मिनिटांच्या आसपास कॅप्चर बंद पडलं तेव्हा मी घाबरून पुन्हा फोन केला. डिस्कवर फाइल साठवायची पद्धत जुनी, फॅट-३२ होती, त्यात एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. एनटीएफएस केल्यावर तेही मिटलं. साडेदहा वाजता फोन उचललात, त्याबद्दल काकूंची माफी.

तिसरी कॅसेट पूर्ण उतरली. ड्रॉप्ड फ्रेम्स: ०. आई ऐकताना मधेच उठून आत गेली, मग म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून लाव.

पाचवीत एका ठिकाणी चौकोन येतात, प्रत्येक वेळी त्याच जागी. ते कॅसेटचंच, हे आता मला कळतं. अजून दोन कॅसेट राहिल्यात. त्या झाल्या की केबल आणून देतो, आणि या वेळी चहा न घेता परत पाठवू नका.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा